रुग्ण बोलतो, ऐकतो कोण?

मिरजेला वैद्यकनगरी म्हणण्याचा प्रघात जुना आहे आणि तो अकारण पडलेला नाही. विल्यम वॉन्लेस या मिशनरी शल्यवैद्याने १८९४ साली तेथे रुग्णालय सुरू केले. तीन वर्षांनी त्याला वैद्यकीय शाळेची जोड मिळाली. १९६२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले. आज सांगली-मिरजेच्या परिसरात, इकडे माधवनगर-बुधगावपासून थेट कृष्णाकाठापर्यंत, दवाखान्याची पाटी नसलेला रस्ता सापडणे कठीण. यंत्रांचीही वाण राहिलेली नाही. ज्या तपासण्यांसाठी एके काळी पुण्या-मुंबईची वाट धरावी लागे, त्या आता दोन-चार कोसांवर होतात. असे असताना याच परिसरातील एखाद्या घरी दवाखान्यातून परतलेल्या माणसाला ‘डॉक्टर काय म्हणाले?’ असे विचारावे, तर पुष्कळदा मिळणारे उत्तर एकच असते : ‘काही नाही, गोळ्या दिल्यात.’

या ‘काही नाही’चा अर्थ आजार नाही असा नसतो. डॉक्टर काही बोलले नाहीत, किंवा बोलले ते कळले नाही, किंवा कळले ते घरी सांगण्याइतके लक्षात राहिले नाही, असा त्याचा अर्थ असतो. गोळ्यांची पुडी हातात आहे, पण ती कशासाठी, किती दिवस, आणि थांबवली तर काय होईल, याचा पत्ता नाही. रक्तदाबाच्या किंवा क्षयाच्या रुग्णाबाबत हा अज्ञानाचा कारभार केवळ गैरसोयीचा नसतो. तो जिवावर बेतू शकतो.

रुग्ण आणि वैद्य यांच्या संभाषणाचा शास्त्रीय अभ्यास जगात गेल्या पन्नास-साठ वर्षांत बराच झाला आहे. वैद्यकाच्या थोर परंपरेत ‘रुग्णाशी गोड बोलावे’ हा उपदेश जुनाच. परंतु गोड बोलण्याने नेमके काय साधते आणि न बोलण्याने काय बिघडते, हे मोजून पाहण्याची कल्पना नवी. १९६८ च्या सुमारास लॉस एंजेलिस येथील बालरुग्णालयात बार्बरा कोर्श आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आठशे भेटींतील संभाषणे ध्वनिमुद्रित केली आणि नंतर मातांना गाठून विचारपूस केली. जवळजवळ पंचमांश मातांना आपल्या मुलाला काय झाले आहे हे स्पष्ट सांगितले गेले असे वाटत नव्हते. आजार कशाने झाला, हा प्रश्न मनात घेऊन परतलेल्या माता सुमारे निम्म्या होत्या. मनातील सर्वांत मोठी काळजी डॉक्टरांपुढे उच्चारलीच नाही, अशांचे प्रमाण चतुर्थांशाच्या आसपास होते. आणखी एक गोष्ट त्या अभ्यासात आढळली व तिच्याकडे अजूनही पुरेसे लक्ष गेलेले नाही. भेट किती मिनिटे चालली याचा आणि मातेच्या समाधानाचा काही संबंध दिसला नाही.

त्यानंतर सात वर्षांनी, १९७५ मध्ये, इंग्लंडमधील हॅम्प्टन आणि मंडळींनी ऐंशी नव्या रुग्णांची पाहणी केली. निदान कशाच्या आधारे झाले, हा त्यांचा प्रश्न. ऐंशीपैकी सहासष्ट रुग्णांचे निदान संदर्भपत्र व रुग्णाने सांगितलेली हकीकत एवढ्यावरूनच बरोबर ठरले होते. अंग तपासल्यावर निदान बदलावे लागले ते सात जणांचे. प्रयोगशाळेच्या तपासण्यांनी बदलले तेही सात जणांचे. त्यानंतर यंत्रे पुष्कळ सुधारली, हे मान्य. तरीही हे प्रमाण ध्यानात घेतले म्हणजे रुग्णाचे बोलणे हा तपासणीपूर्वीचा शिष्टाचार नसून ती स्वतःच एक तपासणी आहे, आणि तीही बिनखर्चाची, हे मान्य करावे लागते.

आणि ही तपासणी पुरी होऊ दिली जाते काय? बेकमन व फ्रँकेल या अमेरिकी संशोधकांनी १९८४ साली चौऱ्याहत्तर भेटी तपासल्या. रुग्णाने बोलावयास सुरुवात केल्यापासून डॉक्टरांनी त्याला मध्येच अडवीपर्यंतचा काळ सरासरी अठरा सेकंदांचा निघाला. आपले प्रारंभीचे म्हणणे पुरे करू शकले ते फक्त सतरा जण. डॉक्टरांची बाजू अशी की, रुग्णाला मोकळे सोडले तर तो गाडी पंढरपुरापर्यंत नेईल. ही भीती किती खरी, याची परीक्षा स्वित्झर्लंडमधील बाझल येथे २००२ मध्ये झाली. डॉक्टरांनी अडवावयाचे नाही, फक्त गुपचूप घड्याळ लावावयाचे, असे ठरले. ३३५ रुग्णांचे बोलणे सरासरी ९२ सेकंदांत आपोआप संपले; दर शंभरातील अठ्ठ्याहत्तर जण दोन मिनिटांच्या आत थांबले. पाच मिनिटांपेक्षा अधिक बोलणारे अवघे सात निघाले, आणि त्यांचे बोलणेही ऐकण्याजोगे होते, असे त्यांच्याच डॉक्टरांचे मत पडले.

हे निष्कर्ष वाचून येथील डॉक्टरांना उपदेश करावयास निघणे मात्र सोपे आणि म्हणूनच अन्यायाचे होईल. बाझलचे ९२ सेकंद सांगलीत कोठून आणावयाचे? समजा, शासकीय रुग्णालयातील एका डॉक्टरापुढे चार तासांत दीडशे केसपेपर येतात. तर प्रत्येकाच्या वाट्याला ९६ सेकंद येतात. रुग्णाला पुरे बोलू दिले तर तपासणे, सांगणे आणि लिहिणे या तिन्ही गोष्टींसाठी चार सेकंद उरतील. सदुसष्ट देशांतील माहिती एकत्र करून २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत प्राथमिक सेवेतील भेटीची लांबी बांगलादेशात ४८ सेकंद, तर स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटे आढळली होती. भारताचा आकडा सुमारे दोन मिनिटांचा होता. येथील डॉक्टर स्वभावतः तुसडे असतात आणि स्वीडनचे मृदू, असे यावरून कोणी अनुमान काढू नये. रांग लांब असली की कान आखूड होतो.

परंतु वेळेचा प्रश्न सुटला असे क्षणभर धरले तरी दुसरा एक अडसर उरतोच, आणि तो परदेशी संशोधनात फारसा सापडणार नाही. तो आहे शब्दांचा. मराठी माणूस दुखणे ज्या शब्दांत सांगतो, ते शब्द आणि वैद्यकीय पुस्तकातील शब्द यांच्यामध्ये एक दरी आहे. ‘चक्कर येते’ या दोन शब्दांत घर फिरल्यासारखे वाटणे, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येणे, भोवळ येऊन पडणे आणि नुसता थकवा या चारही गोष्टी मावतात. त्यांची कारणे मात्र कान, रक्तदाब, हृदय आणि रक्तक्षय अशी निरनिराळी असू शकतात. ‘पित्त झालंय’ म्हणणाऱ्याला मळमळ असेल, डोकेदुखी असेल किंवा अंगावर गांधी उठल्या असतील. ‘छातीत गॅस धरलाय’ हे वाक्य तर धोकादायकच. हृदयविकाराचा झटका आलेला माणूस या एका शब्दाच्या भरवशावर रात्रभर ओवा-सोडा घेत घरी बसू शकतो. ‘अंगावरून जातं’ म्हणताना बाई रक्तस्रावाविषयी सांगते आहे की पांढऱ्या स्रावाविषयी, हे विचारल्याखेरीज कळत नाही आणि विचारावयास पुष्कळदा पुरुष डॉक्टर संकोचतो. जीव घाबरा होणे, हातापायांत मुंग्या येणे, पोटात कालवाकालव होणे, कणकण वाटणे, अंग मोडून येणे : या प्रत्येक शब्दप्रयोगात शरीराचा काही अनुभव अचूक पकडलेला आहे. तो अडाणीपणा नव्हे. ती एक भाषाच आहे, तिला स्वतःचे व्याकरण आहे, आणि वैद्यकीय महाविद्यालयांत ती शिकवली जात नाही.

‘दुखणे अंगावर काढणे’ हा असाच एक खास मराठी शब्दप्रयोग. औषधाविना दुखणे सोसत राहणे, असा त्याचा अर्थ. आणि तो बोलताना सोसणाऱ्याच्या स्वरात तक्रारीपेक्षा अभिमान अधिक असतो. अंगावर काढलेले दुखणे घेऊन बाई शेवटी रुग्णालयात येते, तेव्हा ‘इतके दिवस काय केलंत?’ या पहिल्या प्रश्नाने तिचे तोंड बंद होते. प्रश्न वैद्यकीय असतो. ऐकू येतो तो आरोप म्हणून.

उलट दिशेनेही तोच घोटाळा. तपासणी ‘पॉझिटिव्ह’ आली हे शब्द कानाला शुभ वाटतात. ‘निगेटिव्ह’ म्हणजे काहीतरी वाईट असावे असे वाटते. ‘जेवणानंतर दोन वेळा’ ही सूचना सकाळी भाकरी बांधून रानात जाणाऱ्या आणि थेट रात्री चूल पेटवणाऱ्या शेतमजूर बाईला नेमकी कशी लागू करावयाची, याचा विचार औषधाच्या खिडकीवर कोणी करीत नाही. पट्टीतून कापून कागदात बांधलेल्या तीन रंगांच्या गोळ्या घरी पोहोचेपर्यंत एकमेकींची वेळ घेतात. मिरजेत याला आणखी एक पदर आहे. अथणी, कागवाड, जमखंडीकडून येणारा रुग्ण कन्नड बोलतो, केसपेपर इंग्रजीत लिहिला जातो आणि वॉर्डात मराठी चालते. अशा वेळी दुभाष्याचे काम ज्या करतात, त्यांचे नाव कोणत्याही आस्थापनेच्या तक्त्यात दुभाषी म्हणून नसते. त्या असतात वॉर्डातील मावशी, नाहीतर शेजारच्या खाटेवरील रुग्णाचे नातेवाईक.

शब्दांची ही दरी स्त्रियांच्या बाबतीत जीवघेणी ठरते, हे महाराष्ट्राला कळून बराच काळ लोटला आहे. १८८३ साली अमेरिकेला निघण्यापूर्वी आनंदीबाई जोशी यांनी सेरामपूर येथील भाषणात हिंदुस्थानात स्त्री वैद्यांची निकड प्रतिपादन केली होती, आणि येथील स्त्रिया पुरुष वैद्याच्या हातून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतील, हे त्यांनी अमेरिकेतील महाविद्यालयास प्रवेशासाठी लिहिलेल्या पत्रात कळवले होते. १८८६ मध्ये त्या पदवी घेऊन परतल्या. सांगलीच्या शेजारीच, कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात त्यांची नेमणूकही ठरली होती. पण १८८७ च्या फेब्रुवारीत त्या गेल्या.

त्यानंतर शंभर वर्षांनी गडचिरोलीत राणी आणि अभय बंग यांनी हाच प्रश्न संशोधनाच्या रीतीने हाती घेतला. दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची त्यांनी तपासणी केली. १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्या अभ्यासातील आकडे तेव्हा जगभर गाजले. दर शंभरांतील ९२ स्त्रियांना स्त्रीरोग होता. पूर्वी कधी त्यासाठी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या फक्त आठ. या आकड्यांचा अर्थ सरळ आहे. दुखणे घरोघर होते. ते सांगण्याजोगे माणूस, सांगण्याजोगी जागा आणि सांगण्याजोगा शब्द, यांपैकी काहीच नव्हते. राणी बंग यांनी पुढे त्या स्त्रियांच्या बोलण्यातून जे ऐकले, ते ‘कानोसा’ या पुस्तकात मांडले. पुस्तकाचे नावच पुरेसे बोलके आहे.

गडचिरोलीच्या कामाचा याहून मोलाचा भाग दुसराच, आणि त्याची चर्चा त्या मानाने कमी झाली. नवजात बालकांना होणारा जंतुसंसर्ग ओळखण्यासाठी प्रयोगशाळा लागते, असा समज होता. खेड्यात प्रयोगशाळा नाही. तेव्हा आईला काय दिसते, यावरून निदान करता येईल का, हे तपासले गेले. बाळाचे रडणे क्षीण झाले, ते पूर्वीसारखे ओढून दूध पीत नाही, अंग सैल पडले, पोट फुगले : आईने केलेल्या अशा तक्रारींतून व आरोग्यदूत बाईने पाहिलेल्या लक्षणांतून निदानाचे निकष बांधले गेले. जे बोलणे इतर ठिकाणी ‘बाई घाबरली आहे’ म्हणून सोडून दिले गेले असते, ते येथे नोंदवहीत गेले. गावातील अल्पशिक्षित स्त्रीला ही लक्षणे व उपचार शिकवून जो प्रयोग झाला, त्याचे फलित १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. तिसऱ्या वर्षी नवजात बालकांचे मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. २०११ पासून हीच घरपोच नवजात सेवा आशा कार्यकर्त्यांच्या मार्फत देशभर सुरू झाली.

त्याच संस्थेच्या रुग्णालयाची हकीकतही अशीच. आदिवासी रुग्णालयात का येत नाहीत, हे आदिवासींनाच विचारले गेले. मोठ्या इमारतीची भीती वाटते, नातेवाइकांना रात्री बाहेर काढतात, आणि पांढरे कापड आम्ही मृताला गुंडाळतो, पांढऱ्या कपड्यांतली माणसे पाहून जीव धास्तावतो, अशी उत्तरे मिळाली. म्हणून नातेवाइकांसह राहता येईल अशा झोपड्यांचे रुग्णालय उभे राहिले आणि त्याला दंतेश्वरी देवीचे नाव मिळाले. नाव बदलल्याने औषध बदलत नाही, हे खरे. पण ते औषध घ्यावयास माणूस दारापर्यंत येतो.

गडचिरोली दूरची झाली. माधवनगरच्या वाचकाला असे उदाहरण शोधण्यासाठी गाव सोडण्याचे कारण नाही. ‘संग्राम’ या नावाने ओळखली जाणारी संपदा ग्रामीण महिला संस्था १९९२ पासून सांगली जिल्ह्यात काम करते आणि तिचा पत्ता माधवनगरचा आहे. मीना शेषू यांनी तिची सुरुवात केली तेव्हा एड्सवर उपचार नव्हता. होती ती दहशत. सांगली हा एचआयव्हीचा प्रादुर्भाव अधिक असलेल्या जिल्ह्यांपैकी एक, आणि गोकुळनगरातील वेश्याव्यवसायातील स्त्रियांकडे रोगाचे उगमस्थान म्हणून बोट दाखवले जाई. त्यांना उपदेश करावयास जाणारे पुष्कळ होते; त्यांचे म्हणणे ऐकावयास बसणारे थोडे. त्यातल्या अनेक जणी सीमेपलीकडून आलेल्या, कन्नड बोलणाऱ्या, देवदासी प्रथेच्या बळी वा वारस. रुग्णालयाच्या खिडकीवर नाव, पत्ता, नवऱ्याचे नाव या पहिल्या तीन प्रश्नांतच त्यांची वाट अडे.

‘संग्राम’ने जी रीत धरली ती अशी. माहिती सांगणारी बाहेरची नको, त्याच वस्तीतली हवी. निरोध वाटणे, रोगाविषयी बोलणे, मैत्रीण आजारी पडली तर तिच्याबरोबर रुग्णालयात जाणे आणि डॉक्टर काय म्हणाले ते तिच्या भाषेत तिला समजावणे, ही कामे त्या स्त्रियांनीच अंगावर घेतली. त्यांतूनच १९९६ मध्ये ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ ही त्यांची स्वतःची संघटना उभी राहिली. वैद्यकीय संभाषणाच्या दृष्टीने पाहिले तर येथे एक मूलगामी गोष्ट घडली होती. रुग्ण एकटी राहिली नाही. खिडकीच्या अलीकडे आता दोघी उभ्या होत्या आणि त्यांतल्या एकीला प्रश्न विचारण्याचा सराव होता. डॉक्टरांनी कसे वागावे याचे व्याख्यान देण्यापेक्षा रुग्णाच्या बाजूला एक जाणती सोबतीण उभी करणे अधिक परिणामकारक, हा धडा सांगलीने पुष्कळांच्या आधी घेतला. आपल्याला कोणत्या शब्दांत संबोधले जाते याविषयी ही मंडळी किती दक्ष होती, याचा दाखला म्हणजे २००५ मधील त्यांचा निर्णय. अमेरिकी सरकारच्या मदतीला वेश्याव्यवसायाचा निषेध करणाऱ्या प्रतिज्ञेची अट जोडली गेली, तेव्हा संस्थेने ती मदतच नाकारली. या निर्णयाविषयी मतभेद संभवतात. पण ज्यांच्यासाठी काम करावयाचे त्यांचा निषेध करणाऱ्या कागदावर सही करून त्यांच्याशी विश्वासाने बोलता येत नाही, हा त्यामागील विचार समजण्यास कठीण नाही.

एड्सने शासकीय रुग्णालयांतही एक बदल घडवला. औषध नव्हते तोवर बोलणे हाच उपचार होता. म्हणून तपासणीपूर्वी व तपासणीनंतर रुग्णाशी बोलण्यासाठी पगारी समुपदेशक नेमावे लागले. केवळ रुग्णाशी नीट बोलणे हेच ज्याचे काम, असे पद यापूर्वी सरकारी दवाखान्यात जवळजवळ नव्हतेच. समाजसेवा अधीक्षक होते, पण त्यांच्यामागे कागदपत्रांचा व्याप. २००४ पासून एचआयव्हीवरील औषधे सरकारतर्फे मोफत मिळू लागली तेव्हा या समुपदेशनाचे खरे मोल कळले, कारण ती औषधे आयुष्यभर, न चुकता घ्यावयाची असतात, आणि तसे घेण्यास माणसाला कारण समजावे लागते. पुढे २०१७ च्या कायद्याने एचआयव्ही तपासणीस समजून दिलेली संमती आवश्यक ठरवली. प्रश्न एवढाच की, मधुमेह आणि रक्तदाब यांची औषधेही आयुष्यभरच घ्यावयाची असतात. त्यांच्या रांगेत समुपदेशकाची खुर्ची का नसावी?

सांगली-मिरजेच्याच शासकीय रुग्णालयांत गेल्या दशकाच्या अखेरीस आणखी एक प्रयोग झाला. मुंबईच्या ‘सेहत’ या संशोधन संस्थेने जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने मिरज, सांगली व औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथील मोठ्या रुग्णालयांतील डॉक्टर आणि परिचारिकांना घरगुती हिंसाचाराला बळी पडलेल्या स्त्रियांशी कसे बोलावे, याचे प्रशिक्षण दिले. तिच्या अंगावरचे व्रण पाहून ‘कशावर पडलात?’ एवढेच न विचारता तिचे ऐकून घेणे, तिच्या गरजा विचारणे, तिच्यावर विश्वास असल्याचे दाखवणे, तिची सुरक्षितता पाहणे आणि पुढील आधाराची वाट दाखवणे, अशी पाच पायऱ्यांची ही रीत आहे. प्रशिक्षणानंतर कर्मचाऱ्यांचे ज्ञान आणि दृष्टी दोन्ही सुधारल्याचे प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसते. यावर एक शंका मात्र घेता येईल. या मोजमापाचा मोठा भाग कर्मचाऱ्यांच्या स्वतःच्या उत्तरांवर उभा आहे. डॉक्टर नीट ऐकतात की नाही, हे डॉक्टरांनाच विचारून पुरते कळत नाही. तरीही हा प्रयोग महत्त्वाचा, कारण त्यात परिचारिकांना डॉक्टरांच्या बरोबरीने बसवले गेले. रुग्ण दिवसभर ज्यांच्याशी बोलतो त्या परिचारिकाच. त्यांना काय कळले, हे विचारण्याची पद्धत अजून रूढ व्हावयाची आहे.

कायद्याने या बाबतीत काही पावले टाकली आहेत. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली असे ठरवले की, तपासणीपुरती दिलेली संमती शस्त्रक्रियेला चालत नाही आणि संमती घेण्यापूर्वी रुग्णास पुरेशी माहिती द्यावीच लागते. औषधांची नावे सुवाच्य लिहावीत, शक्यतो मोठ्या अक्षरांत, असा नियम भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ मध्ये केला. महाराष्ट्राने २०२१ च्या नियमांत रुग्णहक्कांची सनद खासगी रुग्णालयांना लागू केली. या सर्वांचे स्वागतच. पण संमतिपत्रावर अंगठा उमटवून घेणे आणि संमती घेणे यांत फरक आहे, व तो न्यायालयाला दिसतो तितका रात्री दोन वाजता अपघात विभागात दिसत नाही.

अबोल्याची किंमत डॉक्टरांनाही द्यावी लागते. मार्च २०१७ मध्ये धुळ्याच्या शासकीय रुग्णालयात एका निवासी डॉक्टरवर जमावाने हल्ला केला. त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली आणि राज्यभरचे निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले. डॉक्टरांवरील हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१० पासून कायदा आहे, तो असावाच. अशा प्रत्येक घटनेचे खापर संभाषणाच्या अभावावर फोडणे हा मात्र मार खाणाऱ्यालाच दोष देण्याचा प्रकार होईल. खाटा अपुऱ्या, तज्ज्ञ जागेवर नाही, औषध बाहेरून आणावयाचे, आणि हे सर्व संतप्त नातेवाइकांना सांगण्याचे काम छत्तीस तास न झोपलेल्या, विभागातील सर्वांत तरुण मुलाकडे. वाईट बातमी कोणी सांगावी, कोठे बसून सांगावी, सांगताना बरोबर कोण असावे, हे ठरवणे रुग्णालयाच्या व्यवस्थापनाचे काम आहे. ते त्या मुलाच्या जिभेच्या गोडव्यावर सोडता येत नाही.

वैद्यकीय शिक्षणात २०१९ पासून वृत्ती, नीती आणि संभाषण या विषयांचा स्वतंत्र पाठ्यक्रम सक्तीचा झाला. पुस्तकी अभ्यासाची सवय असलेल्या विद्यार्थ्यांना त्याची टिंगल करावीशी वाटली तर नवल नाही. परीक्षेत ‘नमस्कार, माझे नाव अमुक’ म्हटल्याचे गुण मिळतात, अशी थट्टा होऊ शकते. पण निदान हे कौशल्य शिकवता येते, ते उपजत नसते, एवढे तत्त्वतः मान्य झाले. त्या पहिल्या तुकडीचे शिक्षण आता पुरे झाले आहे. शासकीय महाविद्यालयांतून बाहेर पडलेल्यांना एक वर्षाची बंधपत्रित सेवा करावी लागते, आणि त्यांतील कित्येकांची नेमणूक प्राथमिक आरोग्य केंद्रांत होते. तेथे सकाळी दारात रांग असते. रांगेच्या कडेला, व्हरांड्यात, एखादी आशा कार्यकर्ती गरोदर बाईला घेऊन बसलेली असते. तिला त्या बाईची सासू ठाऊक असते, आधीचे बाळ कशाने गेले ते ठाऊक असते, आणि ‘अंगावरून जातं’ म्हणजे या घरात नेमके काय, हेही ठाऊक असते. केसपेपरावर तिच्या म्हणण्यासाठी रकाना नाही. तो छापून घ्यावयाचा तर वैद्यकीय अधिकाऱ्याला जिल्हा परिषदेकडे मागणीपत्र पाठवावे लागेल.